अकरा जबडे आणि मी

माझा मेंदू तपासायला द्यावा की नाही, यावर आमच्या गल्लीत मी सोडून सगळ्यांचं मत घेतलं गेलं.

सुरुवात भाचीने केली. उल्फा माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, इथे स्फाक्सच्या विद्यापीठात संशोधन करते. विषय तिने मला पुन्हा पुन्हा समजावला, तो असा : माणूस कुणाचं बोलणं ऐकतो तेव्हा त्याचा मेंदू नुसता कान देऊन बसत नाही, पुढचा शब्द काय येणार याचा सतत अंदाज बांधत असतो. हल्लीची यंत्रंही म्हणे तेच करतात. तर एकच गोष्ट माणसालाही ऐकवायची आणि यंत्रालाही, दोघांच्या आत काय चालतं याचे आलेख काढायचे, आणि ते एकावर एक ठेवून कुठे जुळतात, कुठे फाटतात ते बघायचं.

"म्हणजे दोन दुकानांच्या वह्यांचा मेळ घालायचा," मी म्हणालो.

"हो मामा, तसंच समज," उल्फा म्हणाली. शिकलेली माणसं 'तसंच समज' म्हणतात तेव्हा आपण पार चुकलेलो असतो, हे मला ठाऊक आहे. पण मी मनावर घेत नाही.

तिच्याकडे यंत्र होतं. डोक्यावर चढवायची, तारांची आणि चकत्यांची टोपीही होती. ती राजधानीतल्या तिच्या प्राध्यापकांनी महिनाअखेर परत करायच्या बोलीवर दिलेली. नव्हती ती डोकी. तिला आमच्या गावची अस्सल बोली बोलणारी बारा मोठ्या वयाची डोकी हवी होती, आणि विद्यापीठात मिळत होती ती सगळी बाहेरगावची, केसाळ आणि झोपाळू. महिनाअखेरीस नोंदी हाती आल्या नाहीत, तर टोपी परत जाणार, उल्फाचं नाव कमी होणार, आणि तिला बापाच्या फरशांच्या दुकानात गल्ल्यावर बसावं लागणार. माझा मेहुणा त्या दिवसाची वाटच बघत होता. गल्ल्यामागच्या खुर्चीवर त्याने नवी गादीसुद्धा घालून ठेवली होती.

"डोकी माझ्याकडे लागली," मी म्हणालो. कॉफीहाउसात, भरल्या टेबलावर म्हणालो, ही चूक झाली.

"मुन्सफ, एक तरी तुझ्याकडचं आण, मग बाकीच्या अकरांचं बोल," सी तिजानी कप खाली न ठेवता म्हणाले. श्रीयुतला आमच्याकडे सी म्हणतात. सी तिजानी गणिताचे निवृत्त मास्तर आणि आमच्या टेबलाचा कायमचा विरोधी पक्ष. मी त्यांना पहिलं डोकं म्हणून तिथल्या तिथे नोंदवून टाकलं. विरोधकाला कामाला लावण्याचा हा एकच मार्ग आहे.

खरी ठिणगी पुढेच पडली. ऐकवायची गोष्ट कुणाच्या तरी आवाजात आधी ध्वनिमुद्रित करायची होती आणि उल्फाच्या मनात त्यासाठी मास्तर होते. त्यांचे उच्चार स्पष्ट आहेत, म्हणाली. स्पष्ट असतीलही. खडू फळ्यावर मोडतो तेव्हा तोही स्पष्टच मोडतो. पण मी करकेना बेटांच्या बोटींच्या धक्क्यावर एकोणतीस वर्षं घोषणा केल्या आहेत. माझ्या एका वाक्यावर अख्खी वऱ्हाडं गाद्या, बकऱ्या आणि नवरी मुलगी घेऊन धावत सुटलेली मी काचेआडून पाहिली आहेत. अर्ध्या गावाने हयातभर ज्या आवाजाचं ऐकलं, तो घरात असताना भाची बाहेर आवाज शोधते! मी जेवलो नाही. दुपारी तिचा फोन आला.

"मामा, तूच बोल बाबा. पण लिहून दिलेलं तसंच वाच."

"मी वाचत नाही. सांगतो."

बायकोच्या झोपायच्या खोलीत, चारी भिंतींना गाद्या उभ्या करून, ध्वनिमुद्रण झालं. माझ्या आजोबांच्या लग्नातला मेजवानीचा ऑक्टोपस कसा हरवला, ही गोष्ट मी निवडली. गोष्ट अख्ख्या घराण्याला पाठ आहे, पण माझ्यासारखी कुणाला सांगता येत नाही. मी घसा साफ केला, "अस्सलामु अलैकुम" म्हणालो आणि सुरू झालो. आजोबा आले, आजी आली, बोटवाले सी फरहात आले, ढोलवाला आला, ऑक्टोपस वाळत घालणारी आजोबांची बहीण, म्हणजे माझी आत्याआजी, आली. यातलं आज कुणीच हयात नाही. ऑक्टोपस तर मेजवानीपुरताही राहिला नव्हता. त्यामुळे प्रत्येक माणसाच्या नावापुढे, जरा थांबून, "अल्ला त्याच्यावर दया करो" आलंच. मेलेल्या माणसाचं नाव घेऊन तसाच पुढे जाणारा मनुष्य आमच्याकडे फक्त करवसुलीच्या कचेरीत आढळतो. मध्येच गाद्यांच्या धुळीने मला शिंक आली. मी "अल्हम्दुलिल्ला" म्हणालो आणि पुढे चालू ठेवलं.

"मामा, शिंकेपासून परत घेऊया का?"

"बोट सुटल्यावर मी कधी घोषणा परत केली नाही."

उल्फाने ते तसंच राजधानीला पाठवलं. प्राध्यापकांनी ऐकलं, बोली अस्सल आहे म्हणाले, मंजूर केलं. हे लक्षात ठेवा. पुढे माझ्या एकट्याच्या नावावर सगळा तोटा टाकण्यात आला, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

आता संमतिपत्रं. प्रत्येक डोक्याच्या मालकाने सही करायची आणि ती सही नगरपालिकेच्या खिडकीवर खरी करून आणायची. मी नमुना म्हणून आधी स्वतःचं पत्र घेऊन गेलो. खिडकीतल्या बाईंनी चष्मा लावला.

"'माझ्या मेंदूतील विद्युत हालचालींची नोंद घेण्यास हरकत नाही.' विजेचं काम इथे होत नाही. शेजारची इमारत."

"बाई, ही वीज आतली आहे."

"आतली वायरिंग मालकाने बघायची असते. मीटर कुणाच्या नावावर आहे?"

मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "काय झालंय त्यांना?" पुढच्याने उत्तर दिलं, "मेंदूचं काहीतरी आहे. सही करताहेत." बाईंचा आवाज एकदम मऊ झाला. त्यांनी शिक्का मारला, पत्र दोन्ही हातांनी मला दिलं आणि म्हणाल्या, "अल्ला बरं करो. घरचं कुणी बरोबर नाही आलं?"

मी घरी पोचेपर्यंत बातमी माझ्या आधी पोचली होती. समोरच्या मन्नूबियाबाई, आमच्या भाषेत लल्ला मन्नूबिया, बार्लीच्या सूपाचं भांडं घेऊन माझ्याच खुर्चीवर बसल्या होत्या. त्या विधवा आहेत, गल्लीतल्या प्रत्येक आजाराच्या नातेवाईक आहेत.

"नझीहा, कधीपासून गं हे?" त्यांनी माझ्या बायकोला विचारलं. मी खोलीत उभा होतो.

"लग्नापासून," नझीहा म्हणाली.

"मला काही झालेलं नाही!" मी ओरडलो.

"असंच ओरडतात सुरुवातीला," लल्ला मन्नूबिया हळूच म्हणाल्या, आणि सूप माझ्याकडे सरकवलं.

रात्रीपर्यंत सल्ल्यांची आवक इतकी झाली की साठवायला जागा उरली नाही. जिलानी न्हाव्याने सांगितलं, डोक्याला यंत्र लावलं की टक्कल पडतं. त्याचं गिऱ्हाईक जाणार होतं, म्हणून त्याचं मत मी बाजूला ठेवलं. मासेवाल्याने सांगितलं, त्या टोपीत माणूस मनात काय म्हणतो तेही उमटतं. हे ऐकून तयार झालेल्या डोक्यांपैकी तिघांनी माघार घेतली, आणि तिन्ही घरांतल्या बायका त्यांना ढकलत परत घेऊन आल्या. मासेवाला न मागता आम्हाला तीन डोकी मिळवून गेला.

पण सगळ्यात मोठा अडथळा तेलाचा. आमच्या गावात ऑलिव्हचं तेल भाकरीला लागतं, खोकल्याला लागतं, दाराच्या बिजागऱ्यांना लागतं, आणि चाळिशीनंतर डोक्याला लागतं. टोपीच्या चकत्यांना मात्र कोरडी, धुतलेली कातडी हवी. उल्फाने सगळ्यांना बजावलं, दोन दिवस तेल नाही.

"मग मेंदूला थंडी नाही का भरणार?" लल्ला मन्नूबियांनी विचारलं. त्याही आता एक डोकं होत्या. आजाऱ्याची सोबत म्हणून आल्या आणि उल्फाने त्यांना नोंदवून घेतलं.

"नाही भरणार, लल्ला."

"तुला काय माहीत? तुझं वय काय?"

त्या तेल लावूनच आल्या, थोडंसंच, म्हणाल्या. उल्फाने त्यांचं डोकं प्रयोगशाळेच्या नळाखाली धुतलं, मग पुन्हा धुतलं, आणि तरी चकत्या घसरत होत्या. मास्तर दाराशी उभे राहून म्हणाले, "पन्नास वर्षांचा साठा आहे तो. एका दिवसात उतरणार नाही. घाणा लाव." शेवटी सगळ्या मंडळींना आधी हमामात पाठवावं लागलं. तिथून मंडळी लालबुंद, स्वच्छ आणि एकमेकांवर चिडलेली अशी प्रयोगशाळेत आली.

प्रयोग सोपा होता. खुर्चीत बसायचं, टोपी चढवायची, कानाला यंत्र लावायचं आणि माझा आवाज ऐकायचा. हलायचं नाही, बोलायचं नाही, चावायचं नाही. उल्फाने प्रत्येकाला हे तीन तीनदा सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळे पुतळ्यासारखे बसले. मी काचेआडून पाहत होतो. काचेआड बसायची मला सवय आहे. मास्तरांच्या चेहऱ्यावर माझी गोष्ट ऐकतानाचा आनंद ते किती प्रयत्नाने दाबत होते, तेही मी पाहिलं. निदान तेव्हा मला तो आनंद वाटला.

अकरा डोकी झाली. बारावं डोकं, लल्ला मन्नूबियांचे दीर, चकत्यांखाली भरायच्या लुकणाची पिचकारी बघून खिडकीच्या बाजूने गेले. दरवाजा दुसऱ्या बाजूला होता. संख्या अपुरी पडू नये म्हणून मी खुर्चीत बसलो.

"मामा, तुझाच आवाज आहे, तुला गोष्ट पाठ आहे. ते बरोबर नाही."

"भोक बुजवायला बसतोय. मला जमेस धरू नकोस."

बसलो. ऐकलं. काय सांगू! आवाज असा यावा! खालचा स्वर कसा गोल, आणि सी फरहातच्या नावाशी जी किंचित थरथर आली ती तर मी मुद्दाम आणलीही नव्हती. शिंकसुद्धा भारदस्त होती. मी पापणी लववली नाही.

दोन दिवसांनी बहिणीचा फोन आला. उल्फा खोलीचं दार लावून रडतेय. मेहुण्याने खुर्चीवरची गादी उन्हात टाकलीय.

मी धावतच प्रयोगशाळेत गेलो. उल्फाने पडद्यावर मास्तरांचा आलेख दाखवला. सुरुवातीलाच जो डोंगर उठला होता, तो पडद्याबाहेर चालला होता. मग जरा शांत. मग दुसरा डोंगर. मग तिसरा.

"एवढी बुद्धी आहे मास्तरांना?" मी चरकलो.

"हा मेंदू नाही मामा, हा जबडा आहे. तोंडाचे स्नायू हलले की त्यांची वीज मेंदूच्या विजेवर कुरघोडी करते. खालचं काही दिसतच नाही. अकराच्या अकरा असेच. आणि सगळे एकाच जागी!"

"कुणी बोललं तर नाही. मी बघत होतो."

"मोठ्याने नाही बोललं. तोंड मिटून बोलले. पण का? मी दहा वेळा ऐकलं, तुझ्या गोष्टीत त्या जागी काहीच नाहीये! पहिल्याच सेकंदाला काय आहे? काही नाही!"

ती प्राध्यापकांना कळवायला निघाली होती. मी म्हटलं, फोन लाव, माझ्यासमोर लाव, मी बोलतो. फोन लागला. उल्फाने डोंगरांचं सांगितलं, प्राध्यापक चिडले. "मला पहिला डोंगर जिथे आहे तेवढाच आवाज ऐकवा," ते म्हणाले. उल्फाने कळ दाबली. माझा आवाज खोलीत घुमला : "अस्सलामु अलैकुम."

"वालेकुम सलाम," फोनमधून प्राध्यापक म्हणाले.

"वालेकुम सलाम," उल्फा पुटपुटली.

मग तिने स्वतःच्याच जबड्याला हात लावून बघितला.

दहा वेळा ऐकून तिला त्या जागी काही सापडलं नव्हतं, कारण दहाही वेळा ती उत्तर देण्यात गुंतली होती. सलामाचं उत्तर द्यायचं असतं. हे आम्हाला इतकं लहानपणापासून ठाऊक आहे की ते ठाऊक आहे हेच ठाऊक नसतं. पुढे सगळा हिशोब लागला. आजोबांच्या नावाशी डोंगर, आजीच्या नावाशी डोंगर, कारण मेलेल्यासाठी दुआ मागितली की ऐकणाऱ्याने 'आमीन' म्हणायचं असतं. माझ्या शिंकेपाशी तर अकरा डोंगरांची रांग होती. अकरा माणसांनी, तोंड मिटून, हलायची बंदी असताना, दोन आठवड्यांपूर्वीच्या माझ्या शिंकेसाठी देवाकडे दया मागितली होती. लल्ला मन्नूबियांच्या आलेखावर तर शिंकेनंतरही बराच वेळ काहीतरी चालू होतं. बहुधा त्यांनी मला औषध सांगितलं असावं.

"आणि यंत्राचं?" प्राध्यापकांनी विचारलं.

"यंत्राने पुढचा शब्द प्रत्येक ठिकाणी बरोबर ओळखलाय सर. 'सलाम' ऐकल्यावर उत्तर काय असतं हेही त्याला माहीत आहे, विचारलं तर सांगतं. पण नुसतं ऐकताना... काही नाही. सपाट. शब्द जमा करून पुढे गेलंय."

"यंत्राला कुणी शिकवलं नाही," मी म्हणालो. "संस्काराचा भाग आहे." आणि मला वाटलं, आता हीच वेळ आहे. "बघा साहेब, माणूस आणि यंत्र यात फरक हाच. माणूस ऐकतो तेव्हा उत्तर देणं लागतो. यंत्र लागत नाही."

मग प्राध्यापक सावकाश म्हणाले, "हे कोण बोलतंय? हे फार चांगलं बोललात. उल्फा, हे खराब झालेलं काम नाहीये. हेच काम आहे. फक्त एक अडचण. जबडा न हलवता ऐकणारा एक तरी माणूस तुलनेला हवा. नाहीतर उत्तर देणं वजा केल्यावर खाली काय उरतं ते कळणार कसं? आणि असा माणूस तुमच्या गावात मिळेल असं मला वाटत नाही."

उल्फा माझ्याकडे बघू लागली.

"एक आहे, सर."

"कोण?"

"भोक बुजवायला बसवलेलं बारावं डोकं. जमेस धरायचं नव्हतं म्हणून मी उघडून बघितलंच नाही."

तिने उघडलं. सलामापाशी सपाट. आजोबांपाशी सपाट. आजीपाशी सपाट. माझ्याच आत्याआजीपाशी, जिने मला हाताने भरवलं, तिच्यापाशीही नावाला एक टेकाड नाही. उल्फाने त्यावर यंत्राचा आलेख ठेवला. कपड्यावर कपडा घडी घालावा तसा बसला. फोनवरून प्राध्यापक विचारत होते, "जुळतंय? किती जुळतंय? हा माणूस शुद्धीवर होता ना?"

"तो माझा स्वतःचा आवाज होता!" मी म्हणालो. "माणूस स्वतःच्या सलामाला उत्तर देत नाही! मी ऐकत होतो! रसिकतेने ऐकत होतो!"

"हो मामा, मी तळटीप घालीन," उल्फा म्हणाली. पण ती हसत होती. डोळे पुसत हसत होती, आणि हसणाऱ्या भाचीपुढे मामाला फार भांडता येत नाही. प्राध्यापक म्हणाले, एका माणसावरून शास्त्र होत नाही, पण प्रश्न तर उभा राहतो. टोपी आणखी सहा महिने ठेवा, आणखी माणसं बसवा. मेहुण्याला गादी परत आत न्यावी लागली. ती खुर्ची आता मांजर वापरतं.

गावात मात्र बातमी तळटीप न घालता पसरली. कॉफीहाउसात शिरलो की मास्तर टेबलावर हात ठेवून सगळ्यांना सांगतात, "जरा हळू. मुन्सफ ऐकतोय. शब्द जमा होताहेत." लल्ला मन्नूबियांचं मत वेगळं आहे. त्या म्हणतात, तेल न लावता बसला, त्याला थंडी भरली, आणि मी सांगितलं होतं. दुसऱ्या एका भांड्यातून सूप आलं. पहिलं भांडं आम्ही अजून परत केलेलं नाही.

नझीहाने केलं ते त्याहून वेगळं. तेच मला जास्त लागलं. उल्फाने तिला आलेख दाखवले, अकरा डोंगराळ आणि एक सपाट. तिने चष्मा लावून सपाट आलेख नीट बघितला, आणि ओळखीचा माणूस रस्त्यात भेटावा तशी मान डोलावली.

मी ठरवलं, बोलून उपयोग नाही, करून दाखवायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बैठकीत पेपर घेऊन बसलो, पण कान टवकारून. एकही सलाम आता निसटणार नव्हता. थोड्याच वेळात तो आला. स्पष्ट, खणखणीत, "अस्सलामु अलैकुम." शेवटचं अक्षर पुरं व्हायच्या आत मी पेपर खाली टाकला आणि स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल असा धक्क्यावरचा आवाज लावला :

"वालेकुम सलाम व रहमतुल्ला!"

"आता बातम्या," रेडिओ म्हणाला.

नझीहा दारात उभी होती. हातात चहाचा पेला होता, पुदिना घातलेला, म्हणजे उकळून, गाळून, थोडा निवूनही झालेला.

"मी बाजारातून आले, दारातून सलाम केला, भाजी ठेवली, चहा केला," ती म्हणाली आणि पेला माझ्यापुढे ठेवला. "आता हे उत्तर त्याला होतं होय? द्या, द्या. आपल्या जातभाईला दिलंच पाहिजे."